जंबेरीचं पान

अकोला,
२८ नोव्हेंबर २०१७

प्रिय लुबना हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि पोटभर दुआ.

तुझं पत्र तुझ्या अब्बाने, तौहीदने, अंजनगावहून इकडे आणून दिलं. मी सध्या अकोल्याला तुझ्या मामूकडे आहे. दादीही सोबत आहे. जरा काम निघालं म्हणून आलो, ते काम लांबलं, इतकंच. तू काळजी करण्यासारखं काही नाही.

तू फोनवर तुझ्या अम्मीला, यास्मीनला, विचारलंस म्हणे, दादी का बोलत नाही. तिचा घसा बसला आहे. आणि माझं तर तुला ठाऊकच आहे. फोन कानाला लावला की मला माणसाऐवजी नुसता वारा ऐकू येतो. म्हणून आपला जुना करारच बरा. घरात उर्दू, शेतात वऱ्हाडी, आणि दादाला पत्र लिहायचं तर शाळेच्या मराठीत. त्या थंड परक्या गावात बसूनही तू ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतेस हे पाहून बरं वाटलं. एवढं मात्र खरं की हल्ली बरं वाटलं तरी ते फार वेळ टिकत नाही. थकवा येतो.

तुझ्या कामाचं वर्णन मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला कळलं ते असं. चुकलं असेल तर लाल शाईने दुरुस्त कर. नखाएवढ्या चिपवर केसाहून बारीक पाट कोरलेले. त्यांतून पाण्याऐवजी उजेड जातो, आणि तोही धारेने नाही, एकेक दाणा. त्या दाण्याला तुम्ही फोटॉन म्हणता. तो टिपायला एक तार असते, इतकी गारठवलेली की तिच्यातून वीज काही अडथळा न होता वाहते. दाणा तारेत शिरला की तारेला क्षणभर ताप चढतो, वीज अडते, आणि यंत्रात एक 'टक' उमटते. म्हणजे दाणा आला. आजवर चिपमधला उजेड काचेच्या धाग्यातून बाहेर काढून दुसरीकडे ठेवलेल्या तारेपर्यंत न्यायचे, आणि प्रत्येक जोडावर दाणे सांडायचे. ज्याच्याकडे धार आहे त्याला सांडलेलं परवडतं. ज्याच्याकडे एकच दाणा आहे, आणि त्या एका दाण्यावरच निरोप लिहिलेला आहे, त्याने काय करावं? म्हणून तुम्ही तारच आणून पाटाच्या अंगावर बसवता. उजेड काठावरून किंचित ओसंडत जातो आणि तार त्याला जाता जाता पिऊन टाकते.

बेटा, किती सुंदर आहे हे! मी वर्गावर असतो तर फळा पुसून हेच शिकवलं असतं.

पण अडचणही तूच लिहिली आहेस. पाट आणि तारा एकाच चिपवर एकदम घडवल्या तर काही तारा जन्मतःच आंधळ्या निघतात, आणि एक जरी आंधळी निघाली तरी सगळी चिप वाया. म्हणून आता तुम्ही तारा वेगळ्या पापुद्र्यावर करता, गारठवून तपासता, ज्या चांगल्या निघतील तेवढ्याच उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाटावर नेमक्या बसवता. आणि त्यापुढे तुझं वाक्य: 'दादा, हे तर दादीचं डोळा भरणं झालं!'

मी हसलो. आपल्याकडे संत्र्याच्या कळीला डोळा म्हणतात आणि तो परक्या खुंटावर बसवण्याला डोळा भरणं, हे त्या गोऱ्या लोकांना तू कसं सांगितलंस? बी पेरून वाट पाहायची नाही. ज्या झाडाची फळं वर्षानुवर्षं चाखली आहेत त्याचाच डोळा काढायचा आणि जंबेरीच्या दणकट रोपावर भरायचा. जंबेरी म्हणजे रानलिंबूच, खायला कामाचं नाही, पण मुळं खंबीर. तुझी दादी लग्न होऊन आली तेव्हापासून हे करते. तू तिच्या हातांचा व्हिडिओ मागितला आहेस, तुझ्या व्याख्यानाच्या सुरुवातीला दाखवायला. सांगतो तिला. हंगाम अजून नीट लागायचा आहे. साल सुटायला हवी. बघू.

जानेवारीच्या अखेरीस त्या थंड यंत्रात तुझ्या चिपचा नंबर आहे आणि तेव्हा चिप बोलली नाही तर तुझी तिथली जागा पुढे चालणार नाही, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत हवामानावर गेलीस. मी मास्तर होतो, लुबना. मुलं कुठली ओळ भरभर वाचून टाकतात ते मला कळतं. तू मात्र मन लावून काम कर. इकडची चिंता करू नकोस. अर्धवट काही टाकून येऊ नकोस.

गावची खबर म्हणशील तर यंदा कपाशी बोंडअळीने पोखरली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात झोपलेली. लोक उभ्या पिकात नांगर घालत आहेत. आपल्या विहिरीने तळ दाखवला आणि तौहीद संत्र्याची बाग काढायची म्हणतो. त्याचा चेहरा पाहिला की मला बोलवत नाही.

तू लिहिलंस ते एक मनात राहिलं. दाणा आलेला नसतानाही तार कधी कधी अंधारात उगीच 'टक' करते. तुमच्याकडे तिला नाव आहे, पण इलाज नाही. मलाही हल्ली तसंच होतं. स्टीलचा पेला वाजल्याचा भास होतो, उठून जातो, तर कोणी वाजवलेला नसतो. आणि खरोखर वाजतो तेव्हा या कानांना ऐकूच येत नाही. कुठला पेला म्हणून विचारू नकोस. मामूकडे पेले पुष्कळ आहेत.

दादीच्या संत्र्याच्या झाडाचं पान नेहमीप्रमाणे पत्रासोबत आहे. काल कपडे न्यायला मी घरी गेलो होतो. तिचं झाड बुडाशी काय सुंदर पालवलंय! अगदी हाताला येतील अशी कोवळी पानं. तोडताना बोटाला काटा लागला, पण पान ताजं आहे.

तुझा,
दादा

*

अंजनगाव सुर्जी,
१४ डिसेंबर २०१७

प्रिय लुबना,
दुआ आणि आशीर्वाद.

आम्ही घरी परत आलो. तुझं उत्तर अजून आलेलं नाही. टपाल समुद्र ओलांडून येईपर्यंत धीर धरवत नाही म्हणून हे लिहितो आहे. इथे थंडी पडली आहे. सकाळी अंगणात ऊन येतं तिथे बाज टाकतो आणि आम्ही दोघं बसतो. पूर्वी तुझी दादी कधी बसलेली मला आठवत नाही. आता बसते. वय झालं, बेटा.

बागेचं ठरलं. तौहीदने बोअर आणखी खोल नेऊन पाहिलं, धूळ आली. पलीकडच्या बागा आधीच गेल्या. जेसीबी झाड उपटताना मुळांचा जो आवाज येतो तो मला बहिऱ्यालाही ऐकू येतो. तौहीद म्हणाला, "अब्बा, मी झाडांना नाही, मेलेल्या झाडांना पाणी देऊन राहिलो." मला शाळेतली एखादी कविता आठवायला हवी होती. आठवली नाही.

पण दादीच्या झाडाचं वेगळं. कोपऱ्यातलं ते जुनं झाड, ज्याच्या डोळ्यांवर निम्म्या तालुक्याच्या बागा उभ्या राहिल्या. तौहीद त्यालाही हात घालणार म्हटल्यावर तिने पेला बाजेच्या लाकडावर असा आपटला की यास्मीन स्वयंपाकघरातून धावत आली. तिची अट एकच: त्या झाडाचे डोळे आधी दुसरीकडे भरायचे. ते लागेपर्यंत झाड उभं राहील. लागले की मग खुशाल काढा. तौहीदने मान हलवली. आईपुढे त्याचं कधी चाललंय?

डोळे मी भरले.

तू हे वाचून थांबली असशील. हो, मीच. या घरात राहून मी कधी कलमाच्या चाकूला हात लावला नव्हता. दादीचं म्हणणं पडलं की मास्तरांनी एकदा तरी शिकावं. देवमन तुला आठवतो? माझा विद्यार्थी, पाढ्यांत कच्चा, पण चाल लावून कविता म्हणायचा. आता त्याची मोठी रोपवाटिका आहे. तो पिशव्यांतली जंबेरीची रोपं घेऊन आला. दादी बाजेवर, मी खाली पोत्यावर, रोप माझ्या गुडघ्यांत धरलेलं. मी रोपाच्या सालीला आडवी-उभी चीर दिली आणि जरा मान तिरपी करून पाहत बसलो. साल अलगद उघडत होती, आतला भाग ओला, पांढरट, पहाटेच्या धुक्यासारखा. मनात ओळ जुळायला लागली होती.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मास्तर, चाकू हाय तो, खडू नाही."

मला इतका आनंद झाला, लुबना, की चाकू हातातून पडला. देवमनने तोंड फिरवून डोळे पुसले. एका टोमण्याचा एवढा आनंद का, ते पुढे कधी सांगेन.

मग ती थांबत थांबत सांगत गेली. "आतल्या बाजूले बोट नका लावू." मी लावलं. तो डोळा फेकायला लावला. "उलटा भरू नका, वर पाहाले पाहिजे त्यानं." मी म्हटलं, डोळा काय, मी बसवीन तिकडे पाहील. ती म्हणाली, "कलम कराचं हाय का कविता?" देवमन हसून म्हणाला, "मास्तर, तुमी आमाले बाकावर उभं करत होते. आता समजलं, शिकणं काय असते?"

त्या डोळ्याजवळचं पान कापून टाकतात, पण देठ ठेवतात. धरायला मूठ होते म्हणून, असं मी समजत होतो. मी आपला सगळ्या प्रेमाने पट्टी गुंडाळली. थंडी लागू नये, वारा लागू नये, डोळा मोकळा ठेवला पण देठ मात्र घट्ट आत बांधून टाकला. देवमनने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, देठ काहून बांधला तुमी?"

"तुटेल ना तो."

"तुटलाच पाहिजे! डोळा लागला का नाही, ते देठच सांगते. लागला असन तं बोट लावल्याबरोबर गळून पडते. मेला असन तं वाळून चिकटून राहते. बांधून टाकला तं समजन कसं?"

दादीने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. सगळ्या पट्ट्या सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या, देठ मोकळे ठेवून. त्या उलटसुलट करण्यात काही डोळे दुखावले असतील. कोण जाणे.

तुझ्या तारेचं आठवलं. तूही असंच सूक्ष्मदर्शकाखाली श्वास धरून पापुद्रा उचलत असशील. तुझ्याकडे टोमणे मारायला कोणी आहे का? असावं. माणूस एकट्याने फार सावध झाला की हात थरथरतो.

पाचवीच्या वर्गासाठी मी एकदा चार ओळी केल्या होत्या. देवमनला अजून पाठ आहेत. कलमं बांधून झाल्यावर त्याने त्या चालीवर म्हटल्या:

एक थेंब पाटाने गेला,
मुळाशी पोचला की नाही?
झाड हिरवं दिसलं म्हणजे
पत्र मिळालं की नाही!

तेव्हा पाटांना पाणी होतं. आता तुझ्या पाटांत उजेड आहे आणि आमचे कोरडे. ओळी मात्र त्याच.

व्हिडिओचं तेवढं राहून गेलं. तौहीदचा मोबाईल बिघडला आहे. आणि दादीला कॅमेऱ्यासमोर आवडत नाही, तुला माहीतच आहे.

या वेळी पान घातलेलं नाही. घाईत राहिलं.

तुझा,
दादा

*

अंजनगाव सुर्जी,
९ जानेवारी २०१८

लुबना,

तुझं कुरिअर काल आलं. चार ओळींचं पत्र. 'दादा, तुम्ही पाठवलेलं पान संत्र्याचं नाही. चुरगळलं तर लिंबाचा वास येतो. ते जंबेरीचं आहे. दादीच्या झाडाच्या बुडाशी जंबेरीचे फुटवे हाताला येतील एवढे वाढले असतील तर दादी किती दिवस झाडाकडे गेलेली नाही? अब्बा म्हणतात, दादाला विचार. मी तिकीट बघून ठेवलं आहे. खरं लिहा.'

बेटा, मी या घरात जन्म काढला. झाडाच्या बुडाशी, कलमाच्या जोडाखालून जे फुटतं ते खुंटाचं असतं, संत्र्याचं नसतं, वाढू दिलं तर वरच्या झाडाचं सगळं पाणी तेच पिऊन टाकतं, म्हणून तुझी दादी दर आठवड्याला खाली वाकून ते खुडायची. हे तुला सातासमुद्रापलीकडे एका वाळक्या पानावरून कळलं. मी ते स्वतःच्या हाताने तोडलं, वर कौतुक केलं, जंबेरीचा काटा टोचला तरी मला कळलं नाही. 'सुंदर पालवलंय' म्हणून तुला लिहिलं. तू ते वाक्य किती वेळा वाचलं असशील, या विचाराने लाज वाटते.

खरं लिहितो.

दिवाळीनंतर एका सकाळी चहाचा कप दादीच्या हातातून सुटला. तिने तो उचलायला हात पुढे केला आणि हात गेलाच नाही. उजवी बाजू गेली. शब्दही गेले. अकोल्याला दवाखान्यात ठेवलं होतं. मामूकडचं काम ते हेच. मी तिथल्या बाकावर बसून तुला ते अकोल्याचं पत्र लिहिलं. ती डाव्या हाताने पेला वाजवून बोलवायची आणि मला ऐकू यायचं नाही, म्हणून मी न वाजलेल्या पेल्यालाही उठून जायचो. घसा बसला होता असं यास्मीनने तुला सांगितलं ते मी सांगायला लावलं म्हणून. ती बिचारी त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणाली, "अब्बा, तुम्ही लुबनाला मराठी शिकवलंत ती तिच्याशी खोटं बोलायला?"

'चाकू हाय तो, खडू नाही' हे तिचं लकव्यानंतरचं पहिलं सलग वाक्य. त्याआधी झाडाची अटही तिने खुणांनी आणि एकेका सुट्या शब्दाने सांगितली होती. आता कळलं असेल माझ्या हातून चाकू का पडला.

आता ती बोलते. थांबत बोलते, कधी चुकीचा शब्द येतो, मग स्वतःवरच चिडते. पाय थोडा सुधारला आहे; धरून चार पावलं चालते. हात नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. मला डॉक्टरांच्या 'बघू'चा अर्थ कळतो, कारण मीही तुला तोच शब्द लिहिला होता. तुझ्या व्हिडिओसाठी तो हात आता नाही, लुबना. मी दरवेळी काहीतरी बहाणा शोधत होतो.

मी सगळ्यांना सांगितलं की हे तुझ्यासाठी लपवायचं. चिपचा नंबर लागेपर्यंत. ते अर्धंच खरं आहे. बाकी अर्धं असं की मला ते अक्षरांत लिहायचं नव्हतं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं ते मुलांनी खरं मानलं. 'बिस्मिल्लाबीचा उजवा हात गेला' हे एकदा सुवाच्य अक्षरात लिहिलं की ते खोडता येणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं वाटायचं. थकलोय बेटा. तिला उठवतो, बसवतो, भरवतो. भात मऊ करायला शिकलो. ती ओरडते. दुपारी ती झोपली की मी भिंतीला टेकून नुसता बसतो आणि मला जुनी शाळा दिसते, खिडकीतून येणारं ऊन, त्यात तरंगणारे धुळीचे कण. प्रत्येक कण वेगळा दिसायचा. वाटायचं, हे मोजता आले असते तर! आता तू मोजतेस.

काल तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिला माहीतच नव्हतं की तुला माहीत नाही. तिला वाटत होतं तुला सगळं कळलं आहे आणि तू अभ्यासामुळे येत नाहीस. त्याचंही तिला काही वाईट वाटलं नव्हतं. पण मी लपवलं हे कळल्यावर जी चिडली! डाव्या हाताने उशी फेकली माझ्यावर. मग शब्द गोळा करत करत म्हणाली, "देठ... बांधला. पुन्हा देठ बांधला तुमी."

मी उशी उचलून पुन्हा तिच्या पाठीशी लावली.

ती म्हणाली, "लिवा. आज लिवा. सगळं लिवा. मंग तिले ठरवू द्या."

आज सकाळी देवमन आला. कलमं पाहायची वेळ झाली होती. मी दादीला धरून अंगणात आणली. रोपं रांगेत मांडली होती. देवमनने पहिल्या रोपाच्या देठाला बोट लावलं. तो हलला नाही. तपकिरी होऊन चिकटून बसलेला. दुसरं, तसंच. तिसरं, तसंच. माझ्या बोटांनी आतली बाजू हाताळलेली, पट्ट्या सोडून पुन्हा बांधलेल्या. काय वेगळं होणार? देवमन माझ्याकडे बघायचं टाळत होता. मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, एकतरी.

दादी म्हणाली, "थांब. मी पाहते."

खाली वाकता येत नाही म्हणून देवमनने रोप उचलून तिच्या डाव्या हाताशी धरलं. तो देठ पिवळा होता, वाळलेला नव्हता. तिने तर्जनी नुसती टेकवली. फुंकर घातल्यासारखा देठ गळून तिच्या मांडीवर पडला. खाली डोळा हिरवागार.

देवमन ओरडला, "लागला, चाची!"

ती म्हणाली, "मले दिसते. ओरडतो काहून?" आणि मग माझ्याकडे पाहून, "मास्तरनं भरला हा. बाकीचेही त्यानंच मारले." आणि हसली. अर्ध्या चेहऱ्याने हसते आता. मला तेवढं पुरतं.

त्यानंतर तिने तौहीदला हाक मारली, स्वतःच्या आवाजात, पेला न वाजवता. म्हणाली, "बोलाव उद्या मशीन." तौहीद म्हणाला, "अम्मा, राहू दे अजून थोडे दिवस." ती म्हणाली, "काय ठेवाचं ते ठेवलं. आता त्याले काहून तरसावतो?" तौहीद झाडाकडे पाहत उभा राहिला आणि मग त्याने फोन लावला.

आता तुझं. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो, एक शब्द माझा नाही. "तिले सांगा, नंबर सोडून आली तं मी दारात आडवी उभी राहीन. उभं राहता येत नाही मले, तरी राहीन."

माझा निरोप वेगळा आहे. तू यावंस असं मला वाटतं. रोज वाटतं. अकोल्याच्या पत्रात 'टाकून येऊ नकोस' लिहिताना तर फारच वाटत होतं. पण जे वाटतं ते सगळं सांगून टाकलं की मग धरून ठेवायला हातात काही उरत नाही, आणि आज सकाळी गळून पडलेल्या देठावरून तसंच असावं असं दिसतं. तेव्हा ये किंवा येऊ नकोस. नंबर लागू दे, मग ये किंवा आधीच ये. तुला सगळं माहीत आहे आणि ठरवणारी तू आहेस. इथून कोणी काही बांधून ठेवलेलं नाही. तुझी चिप बोलली तर आम्हाला कळव. नाही बोलली तरी कळव. इथे माझी रांगेत मेलेली कलमं आहेत आणि एक जिवंत आहे, आणि तुझी दादी त्या एकावरच खूश आहे.

देवमन या पत्राचे फोटो काढून आजच तुला मोबाईलवर पाठवणार आहे, म्हणजे तुला वाट पाहावी लागायची नाही. कागद मात्र टपालानेच येईल, कारण त्यात पान आहे आणि फोटोला वास नसतो.

पान वाकडं तुटलं आहे, मधूनच फाटलं आहे. डाव्या हाताला अजून सवय नाही. मी तोडून देतो म्हणालो तर तिने माझ्या हातावर चापट मारली. देवमन आणि तौहीदने तिला धरून झाडापाशी नेलं आणि उंचावरची, जोडाच्या वरची फांदी वाकवून दिली. उद्या ते झाड नसेल. हे त्याचंच आहे, बेटा. चुरगळून बघ.

ज्याच्या हातच्या पानावर पुन्हा कधी विश्वास ठेवू नकोस असा,
तुझा दादा,
आणि पान तोडणारी,
तुझी दादी